वाळूसाठी घेतलेलं बर्फाचं यंत्र

तिसरी पिन तुटली तेव्हा माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि वाळूत बसला. पुढे रस्ता होता, पण कमरेइतक्या वाळूखाली. चाळीसेक पावलं तरी. मागे पिकअपमध्ये गादीवर दाऊदभाई पडले होते. सकाळपासून ते तीनदा ओकले होते आणि तिसऱ्यांदा आलं ते हिरवं होतं. वारा थांबत नव्हता. ट्रॅक्टरच्या पाठीला जोडलेलं तांबडं यंत्र तोंडात वाळू भरून गप्प उभं होतं.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" नवऱ्यानं विचारलं.

"मला काय विचारता? मी डॉक्टर आहे?"

"मग कोणाला विचारू?"

ते खरंच होतं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

मी कुवेतमध्ये आया होते. आया म्हणजे मुलं सांभाळणारी नव्हे, दवाखान्यातली. एका कंत्राटदाराची छावणी होती, अहमदीच्या पुढे अठरा मैल वाळवंटात. पाइपलाइन टाकायचं काम होतं. दीडशे माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहायची. दवाखाना म्हणजे एक खोली, दोन खाटा, एक कंपाउंडर आणि मी. पट्ट्या उकळणं, जखमा धुणं, खोली झाडणं, बाहेरच्या अंगणात पाणी मारणं ही माझी कामं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रत्नागिरीकडच्या उर्दू-मराठी शाळेत. नवरा छावणीत ट्रॅक्टर चालवायचा म्हणून आम्हाला खोली मिळाली होती, आणि खोली होती म्हणून मला काम मिळालं होतं. नवऱ्याचं नाव कासम. तेव्हा मी त्याला नावानं हाक मारत नसे. आता तो नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

दाऊदभाई छावणीचे फिटर. हर्णैचे. पन्नाशीचा माणूस, बारीक, तोंडानं फटकळ. इंजिन खोललं की आतल्या भागांशी भांडायचे. त्यांना अंतर्गळ होता. म्हणजे जांघेत आतडं खाली उतरून गाठ येते. ते त्यांनी वर्षभर लपवलं. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील ही भीती. जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी कापून, तिला बक्कल लावून त्यांनी स्वतःच कमरेचा पट्टा बनवला होता. गाठ वर आली की आत ढकलायची आणि पट्टा आवळायचा. फिटरच तो.

त्या शुक्रवारी सकाळी गाठ आत जाईना. त्यांनी तेही लपवलं. कंपाउंडर शहरात गेलेला, दवाखान्यात मी एकटी, आणि मी बाई. नऊच्या सुमाराला ते भिंत धरून आले.

"भाबी, पोट दुखतंय. सोड्याचं पाणी द्या."

"कुठे दुखतंय?"

"पोटात."

"पोट हे एवढं मोठं असतं. कुठे?"

"तुम्ही बाहेर जा, मी स्वतः बाटली घेतो."

एवढं बोलून ते खाली बसले आणि ओकले. मी सरळ सांगितलं, "दाऊदभाई, मी दीडशे माणसांची गळवं धुतली आहेत. लाज काय ती घरी गेल्यावर करा. पायजमा सोडा." गाठ लिंबाएवढी होती. दगडासारखी कडक. हात लावला तर माणूस ओरडला. कंपाउंडरनं मला एक गोष्ट पाठ करून ठेवायला लावली होती. गाठ आत जात नसेल आणि उलटी सुरू झाली असेल, तर आतडं पिळलं गेलंय. मग औषध नाही, मालिश नाही. ऑपरेशन, आणि तेही काही तासांत. नाहीतर आतडं आतल्या आत मरतं आणि पाठोपाठ माणूस.

शुक्रवार सुट्टीचा. माणसांचे ट्रक पहाटेच शहराकडे गेले होते. वायरलेसवाला त्यातच. आजारी दोन-चार आणि म्हातारा चौकीदार सोडला तर छावणीत कासम होता आणि कुट्टी होता. कुट्टी मलबारी, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. चाळिशीचा, पोट सुटलेला. त्यानं पिकअप काढली. आम्ही दाऊदभाईंना गादीवर घातलं आणि निघालो. पाऊण मैलावर रस्ता दोन टेकाडांमधून जातो. तिथे थांबावं लागलं. ट्रक गेल्यावर वारा सुटला होता आणि दोन-तीन तासांत त्यानं रस्ता गिळला होता. बाजूनं जायची सोय नव्हती. गेल्या महिन्यात एक लॉरी तिथे बाजूनं जायला गेली, ती आसापर्यंत रुतली आणि दोन दिवसांनी निघाली.

अशा वेळेसाठीच ते तांबडं यंत्र घेतलं होतं.

त्याची हकीकत अशी. छावणीचा मोठा बुलडोझर दुसऱ्या कामावर नेला. रस्ता मोकळा ठेवायला आमच्याकडे उरला कासमचा ट्रॅक्टर. मध्यम आकाराचा, चाळीस घोड्यांचा. त्याच्यामागे काय जोडायचं हे ठरवायला डिसेंबरमध्ये बैठक झाली. इंजिनिअर साहेब गोरा होता, पण आधी बरीच वर्षं हिंदुस्थानात काढलेला, हिंदी बरी बोलायचा. शुवैखमधल्या एका दुकानाचा एजंट आला होता. चहा द्यायला मी होते, म्हणून सगळं ऐकलं.

तीन पर्याय होते. पहिला बकेट, म्हणजे लोखंडी टोपली. वाळू उचलायची, लांब नेऊन टाकायची. सोपं, पण दिवस जातो. दुसरा ब्लेड. ब्लेड म्हणजे जाड पत्र्याचं मोठं पातं. ते वाळू बाजूला सारतं. साहेबाला ब्लेड नको होतं, आणि त्याचं कारण खोटं नव्हतं. सारलेली वाळू रस्त्याच्या कडेला बांधासारखी उभी राहते. पुढच्या वाऱ्यात तोच बांध आणखी वाळू अडवतो.

तिसरा पर्याय एजंटनं आणलेला. थंड देशांत रस्त्यावर बर्फ पडतो तो उडवायचं यंत्र. पुढे आडवा मोठा स्क्रू, तो बर्फ मधोमध ओढतो. त्यामागे पंखा. वर धुरांड्यासारखं नळकांडं, त्यातून पंखा बर्फ लांब भिरकावतो. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला इंजिनच्या जोरावर फिरणारा एक दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. यंत्र त्या दांड्याला जोडायचं आणि ट्रॅक्टर उलटा चालवत न्यायचा.

"बर्फ काय, वाळू काय," एजंट म्हणाला. "उडवायचंच ना?"

दाऊदभाई दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "साहेब, बर्फ वितळतो. वाळू वितळत नाही. ती बेअरिंगमध्ये जाऊन बसेल. ब्लेड घ्या, तिरकं बसवून देतो."

"तुम फिटर है या इंजिनिअर?" साहेबानं विचारलं.

"फिटर, साहेब. म्हणूनच सांगतो. मोडल्यावर ते माझ्याकडे येणार."

सगळे हसले. साहेबही हसला. तो माणूस आडमुठा नव्हता. म्हणाला, "बोलून काय होणार? ट्रायल घेऊ. इथेच, अंगणात. शनिवारी सकाळी."

शुक्रवारी सुट्टी मोडून माणसांनी टेकाडाकडून दोन ट्रक वाळू आणून दवाखान्यापुढच्या मोकळ्या जागेत ढीग घातला. मला निरोप आला, साहेब लोक येणार आहेत, जागा नीट ठेव. आमच्याकडे पाहुणा यायचा असला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडायचं आणि पाणी मारायचं. धूळ पाहुण्याच्या अंगावर उडाली तर घरच्या बाईचं नाव जातं. मी तेच केलं. खाऱ्या पाण्याचा टँकर उभाच होता, प्यायला न चालणारं पाणी, रस्त्याच्या कामाचं. कुट्टीला म्हटलं, नळी दे. संध्याकाळी मारलं, पहाटे पुन्हा मारलं. जमिनीवर मारलं तसं ढिगावरही मारलं, कारण धूळ मुळात तिथूनच उडायची होती.

शनिवारी साहेब आला तोवर ऊन वर आलं होतं. ढीग वरून पांढरा, कोरडा दिसत होता. कासमनं यंत्र त्यात घातलं आणि वाळू नळकांड्यातून अशी उडाली की माणसं ओरडली. कमान करून पंचवीस-तीस पावलांवर पडत होती. चहाच्या एकाही कपात कण गेला नाही. साहेब जाता जाता मला म्हणाला, "आया, बहुत साफ रखा है." मी खूश झाले. दाऊदभाई बराच वेळ यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, "चाललं बुवा. कसं चाललं ते मला कळत नाही, पण चाललं." यंत्र घेतलं.

हिवाळ्यात दोन-तीनदा वापरलं, चांगलं चाललं. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस बऱ्यापैकी पडला होता. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मग जून आला.

आता पुन्हा त्या टेकाडांत.

कासमनं छावणीतून ट्रॅक्टर आणला होता. यंत्र वाळूत घातलं की सुरुवातीला नुसती धूळ उडायची. लांब काही जायचं नाही. कोरडी वाळू पाण्यासारखी ओघळत होती. एक पाऊल कापलं की वरून तेवढीच खाली यायची. स्क्रू वाळूत बुडायचा, अडकायचा, आणि शिअर पिन तुटायची. ही पिन मुद्दाम कच्ची केलेली असते. स्क्रू अडकला की ती तुटते, म्हणजे महागाचा गिअरबॉक्स वाचतो. डब्यात चार पिना होत्या. तीन गेल्या.

पिकअपमधून आवाज आला, "किती गेल्या?"

"तीन," कासम म्हणाला.

"मी ब्लेड म्हणालो होतो."

"दाऊदभाई, गप पडून राहा," मी म्हटलं.

"गप पडून मरण्यापेक्षा बोलून मरतो. मी ब्लेड म्हणालो होतो की नाही? सगळे हसले. तुम्हीपण हसलात भाबी, चहाचा ट्रे घेऊन."

"हसले. आता काय करू, रडू?"

मी फडकं ओलं करून त्यांच्या तोंडावर ठेवायला गेले. कळशी हिंदकळली आणि पाणी खाली सांडलं. पुढे पाऊल टाकलं ते त्या ओल्या जागेवर पडलं. पाय उचलला तर वाळूत चपलेचा ठसा. कडा कापल्यासारख्या. चपलेच्या टाचेला मारलेला खिळासुद्धा दिसत होता. त्याच्या बाजूला, कोरड्या वाळूत, माझ्या आधीच्या पावलांचे नुसते खड्डे होते. कडा ढासळलेल्या.

मी तिथेच उभी राहिले. मला अंगणातला तो ढीग आठवला. यंत्र आत गेलं होतं तेव्हा दोन्ही बाजूंना वाळू भिंतीसारखी उभी राहिली होती. ढासळली नव्हती. आणि ती का उभी राहिली, ते साऱ्या कुवेतमध्ये एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं. मला. मीच पाणी मारलं होतं.

"अहो," मी कासमला म्हटलं, "त्या दिवशी वाळू ओली होती."

"कुठल्या दिवशी?"

"ट्रायलच्या. मी पाणी मारलं होतं. ढिगावर. दोनदा."

त्यानं हातातला पिनांचा डबा खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तरी चाललं असतं, पण वेळ नव्हता. पिकअपमधून दाऊदभाईंनी ऐकलं होतं. पोट धरून त्यांनी डोकं वर काढलं.

"या अल्ला. म्हणून चाललं. सहा महिने मला झोप नाही आणि यांनी पाणी मारलं होतं!"

"टँकर भरलेला आहे का?" मी कुट्टीला विचारलं.

"फुल है. जुम्मा है ना, काम बंद."

"आण."

"पाऊण मैल, आया. पिकअप इधर चाहिए, पेशंट को हिलाना नहीं."

"पिकअप राहू दे इथेच. पळ."

तो पोट सांभाळत पळाला. त्या अंगाचा माणूस तसा पळताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. एक चप्पल वाटेत पडली, ती उचलायलाही थांबला नाही. टँकर घेऊन आला तेव्हा एका पायात चप्पल होती.

नळी मी धरली. हे काम माझं होतं. आधी नुसतं वरवर शिंपडलं तर दाऊदभाई ओरडले, "अंगण नाही ते! मुरू द्या!" मग एकाच पट्ट्यात, ट्रॅक्टरच्या रुंदीएवढ्या, सावकाश पाणी सोडत गेले. वाळू पाणी पिते त्याचा आवाज येतो, तव्यावर येतो तसा. थोडं थांबायचं, पुन्हा सोडायचं. पाच-सहा पावलं भिजली की मी बाजूला व्हायचे आणि कासम यंत्र घालायचा. सगळ्यात हळू गिअर. मान मागे वळवून उलटा चालवायचा.

पहिल्या खेपेला यंत्रानं वाळू घेतली आणि नळकांड्यातून ढेकळं बाहेर पडली. अंगणातल्यासारखी कमान नव्हती, दहा-बारा पावलांवर धप धप पडत होती. पण रस्त्याबाहेर पडत होती. नळकांडं चुकून वाऱ्याच्या तोंडाला होतं, त्यामुळे भुगा उलटा कासमच्या तोंडावर येत होता. "भात पाखडताना वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतेस का?" असं तो मला घरी म्हणायचा. ते मी त्याला तिथे म्हटलं. त्यानं नळकांडं फिरवलं.

बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या. खाली डांबर दिसलं. काळं, ओलं. मी आयुष्यात डांबराकडे तसं कधी बघितलं नाही.

मग चौथी पिन तुटली. ओली वाळू उभी राहते, पण जड असते. डबा रिकामा झाला. कासमनं टूलबॉक्समधून एक जाड बोल्ट काढला आणि भोकात बसवून बघू लागला.

"काय घालतोस रे?" पिकअपमधून आवाज.

"बोल्ट."

"पोलादी?"

"हो."

"काढ आधी. बोल्ट तुटणार नाही, गिअरबॉक्स फुटेल, मग बस वाळू फुंकत. खिळा घाल. साधा खिळा."

"खिळा कुठून आणू?"

"माझ्या डोक्याखाली खोका आहे त्याला काय चिकटवलंय? डिंकानं?"

खरंच, त्यांच्या उशाला एक पॅकिंगचा लाकडी खोका होता. कुट्टीनं पकडीनं त्याचे खिळे उपटले, दाऊदभाईंचं डोकं मी मांडीवर घेतलं. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. खिळा मऊ लोखंडाचा. अडकलं की तुटायचा, दुसरा घालायचा. सात खिळे गेले. प्रत्येक वेळी दाऊदभाई विचारायचे, "कितवा?" आणि आम्ही सांगायचो. पाचव्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. ते मला आवडलं नाही.

"दाऊदभाई, सहावा," मी आपणहून म्हटलं.

डोळे मिटलेले होते. मी गाल थोपटले. डोळे उघडले.

"ऐकलं," ते म्हणाले. "मी ब्लेड..."

"म्हणाला होतात. माहीत आहे."

शेवटची दहा पावलं उरली आणि नळीतून पाणी यायचं थांबलं. टँकर रिकामा. पण तिथे वाळूचा थर उतरता होता, गुडघ्याएवढा. कासमनं ट्रॅक्टर कापलेल्या वाटेतून बाहेर काढून कडेला उभा केला, मग त्यानं आणि कुट्टीनं फावडी घेतली. मी पाट्यानं, म्हणजे खोक्याच्या एका फळीनं, वाळू ओढत होते. मागे वारा कापलेली वाट पुन्हा भरायला लागला होता. ओल्या भिंती वरून वाळून ढासळत होत्या. एका वेळी कासमनं फावडं टाकलं आणि म्हणाला, "घाल गाडी. आता नाही तर नाही." कुट्टीनं पिकअप मागे घेतली, जोरात आणली, ती शेवटच्या वाळूत नाचली, आडवी झाली, सरळ झाली आणि पलीकडे गेली. दाऊदभाईंच्या तोंडून त्या धक्क्यांना जे शब्द निघाले ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकून मात्र मला बरं वाटलं. शिव्या देणाऱ्या माणसात जोर असतो.

कासम ट्रॅक्टरपाशीच राहिला. मी मागे गादीजवळ बसले. अहमदीच्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा जुम्म्याची नमाज सुटून माणसं घरी चालली होती. डॉक्टरनं गाठ बघितली, लगेच चाकाची खाट मागवली. बाहेर आला तेव्हा हातांनी दाखवून सांगितलं, आतडं निळं पडलं होतं, मोकळं केल्यावर रंग परत आला. कापावं लागलं नाही. आणखी दोन तास गेले असते तर सांगता येत नव्हतं.

शनिवारी इंजिनिअर साहेब छावणीत आला. यंत्र अंगणात आणून ठेवलं होतं. खाऱ्या पाण्यानं रातोरात गंज धरला होता. पंखा हातानं फिरवला तर करकर वाजत होता. साहेबानं कासमला बोलावलं.

"मशीनमें पानी किसने डाला? सॉल्ट वॉटर?"

कासम पंख्यावरचा गंज नखानं खरवडत राहिला. त्याच्या नावावर रिपोर्ट झाला असता तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर आमची खोली. त्याला माझं नाव घ्यायचं नव्हतं.

"मैंने डाला," मी म्हटलं. "मशीन में नहीं, रेती पर."

"क्यों?"

"उस दिन भी डाला था. इसलिए."

"कौनसे दिन?"

मी सांगितलं. संध्याकाळी एकदा, पहाटे एकदा. ढिगावरसुद्धा. साहेबाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं संपलं. त्यानं पंखा पुन्हा एकदा हातानं फिरवून बघितला. मग म्हणाला, "फिर से करो. वैसाही."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्यानं अंगणात दोन ढीग घालायला लावले. एकावर मी संध्याकाळी पाणी मारलं, पहाटे पुन्हा मारलं. एक तसाच ठेवला. ऊन वर आल्यावर साहेब आला. दोन्ही ढीग पांढरे, सारखेच दिसत होते. त्यानं हातातली काठी एकात खुपसली, ओढली. वाळू ओघळली, भोक बुजलं. दुसऱ्यात खुपसली, ओढली. भोक राहिलं. आत काळी ओल. त्यानं वाकून भोकात बोट घातलं.

"तो मशीन का सिलेक्शन मैंने नहीं किया," तो म्हणाला. "आया, आपने किया."

"गलती हो गया, साहेब."

"नहीं. गलती मेरा. ढेर को हाथ लगाके देखना मेरा काम था." मग कासमकडे वळून म्हणाला, "रिपोर्ट नहीं होगा."

महिन्याभरानं दाऊदभाई पोटाला खरा, दुकानातला पट्टा लावून परत आले. कंपनीनं त्यांना घरी पाठवलं नाही. जड काम बंद, एवढंच. आल्या आल्या त्यांनी ब्लेड बनवायला घेतलं. तिरकं, वारा वाहत जातो त्या बाजूला वाळू सारणारं, आणि साहेबाला जो बांध नको होता तो बनू नये म्हणून मागे दुसरं छोटं पातं, पसरवायला. दोघं जमिनीवर काठीनं रेघा मारून तासन्‌तास भांडायचे. तेच ब्लेड पुढे ते काम संपेपर्यंत चाललं. तांबडं यंत्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गंजून बसलं. त्याचा पंखा काढून कोणीतरी छावणीच्या दारावर टांगला, जेवणाची घंटा म्हणून.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. यंत्र पारखायचं असेल त्या दिवशी अंगण झाडू नये, पाणी मारू नये. ज्या घाणीत ते राबणार आहे त्याच घाणीत ते आधी चालवून बघावं. पाहुण्याच्या कपात धूळ गेली तरी चालेल.

दाऊदभाई त्यानंतर एकवीस वर्षं जगले. हर्णैला वारले, म्हातारपणानं.